पास्टोरेट कमिट्यांना आणि पाळकसाहेबांना खुलं पत्र : बारीकसारीक गोष्टींवर पण बोला

प्रति,
मराठवाड्यातल्या मंडळ्यांचे पाळकसाहेब, पास्टोरेट कमिट्यांचे (चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिट्यांचे) सभासद, वडीलधारी मंडळी आणि तरुण संघाचे पुढारी

जय ख्रिस्त.

पत्र लांब होणार आहे, आधीच सांगतो. हा विषय उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात उभ्या उभ्या बोलायचा नाही, आणि कमिटीच्या मीटिंगला मांडावा तर तो 'आयत्या वेळचे विषय' मधे जातो, तोपर्यंत निम्मे लोक गाडीला किक मारून निघालेले असतात, म्हणून सगळ्यांसमोर लिहायलो. कुणा एका मंडळीवर बोट नाही. जालना, संभाजीनगर, बीड, लातूर, नांदेड, जिथं जिथं नात्यागोत्यानं नाहीतर कामानं जाणं झालं तिथं थोड्याफार फरकानं हेच दिसलं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथडिस्ट असो, कॅथलिक असो नाहीतर नवीन फेलोशिप असो.

आपल्याकडं कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडपातल्या जाहीर सभांना, बाहेरून वक्ते येतात, दोन-तीन रात्री संदेश होतात, दारूवर बोलतात, गुटख्यावर बोलतात, नवस-अंगारा, जत्रा, लफडी, मोबाईल सगळ्यावर बोलतात. बोललंच पाहिजे. दारूनं आपल्या वस्त्यांमधली किती घरं बसली ते आपण डोळ्यानं बघितलंय. पण दारू पिणारा त्या रात्री मंडपात नसतो, आणि जो बसलेला असतो तो मान डोलवतो, आमेन म्हणतो आणि घरी जातो, त्याच्या स्वतःच्या आठवड्याला त्या संदेशाचा धक्कासुद्धा लागत नाही. जे आपण सगळे करतो, रोज करतो, आणि इतकं बारीक आहे की त्याला पाप म्हणायला पण संकोच वाटतो, त्यावर कुणी बोलतच नाही. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

शेतकऱ्याच्या घरात बांध कोरणं म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. शेजाऱ्याचं रान कुणी एका रात्रीत गिळत नाही, दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घेतो, बांधाची थोडी माती आपल्याकडं ओढतो, पुढच्या वर्षी परत तेवढंच, आणि पंधरा वर्षांनी मोजणी आणली की समजतं दोन गुंठे गेले. कोरणाऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगतो की मी बांध हलवलाच नाही, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत असतं. आपल्या विश्वासाच्या जीवनाचं नेमकं असंच झालंय. बायबलमधे तर शेजाऱ्याची सीमा सारणाऱ्यावर शापच सांगितलाय, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात, आणि त्या अध्यायातले शाप बहुतेक असल्याच कामांचे आहेत जी लपून केली जातात.

आता कापसाचं घ्या. दिवाळीनंतर वेचणी होते, ओसरीत नाहीतर पुढच्या खोलीत कापूस छताला टेकतो, लेकरं त्यावरच झोपतात. सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार असला की आदल्या संध्याकाळी काय होतं ते मी एका विश्वासी घरात बघितलंय. फवारणीचा पंप स्वच्छ धुवून घेतला, आत साधं पाणी भरलं, नोझल एकदम बारीक केलं आणि घरातल्या मोठ्या पोरानं ढिगावर धुक्यासारखं पाणी मारलं. मग माऊलीनं दोन्ही हातांनी वरचा कापूस खाली आणि खालचा वर केला, ओल सगळीकडं सारखी बसावी म्हणून, आणि ताडपत्री टाकून कडा दाबून घेतल्या. पाऊण तासानं त्याच ओसरीत चटई टाकून कौटुंबिक प्रार्थना झाली, त्याच पोरानं बायबल वाचलं, चांगलं वाचलं, अडखळला नाही. त्या घरात कुणालाच काही खटकलं नाही. ती माणसं वाईट नाहीत हो, वस्तीत कुणाच्या मयतीला पहिल्यांदा धावून जाणारी माणसं आहेत ती.

त्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं, आणि ते खोटं पण नाही. व्यापारी काटा मारतो, क्विंटलमागं कट्टी कापतो, भाव सकाळी एक सांगतो आणि भरताना एक. तो आम्हाला लुटतो म्हणून आम्ही पाणी मारतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हे चालत नाही, तिथं मशीन लावून ओलावा बघतात, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, वर गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर घेतच नाहीत, म्हणून ओला माल खेडा खरेदीवाल्याला जातो, तो पुढं जिनिंगला देतो, आणि ओलीनं पिवळा पडलेला कापूस शेवटी कुणाच्या तरी गळ्यात पडतो. पण मला आर्थिक नुकसानाचं सांगायचं नाहीये. अनुवादाच्या 25 व्या अध्यायात थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका असं सांगितलंय, एक जड आणि एक हलकं. समोरचा ठेवत असेल तर तुम्ही पण ठेवा अशी सवलत तिथं नाही. ज्या काळात हे सांगितलं त्या काळातला व्यापारी काय आजच्यापेक्षा सज्जन होता? हे सांगताना माझा जीव तुटतो कारण सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही, कर्ज डोक्यावर आहे, अशा माणसाला 'पाणी मारू नको' म्हणणं म्हणजे त्याच्या हातातले हजार-दोन हजार रुपये काढून घेणं आहे. म्हणूनच ते नुसतं व्यासपीठावरून सांगून भागत नाही, त्याचं पुढं बोलतो.

पण कमिटीच्या सन्माननीय सभासदांनो, त्या पोराच्या आधी मला तुमच्याशी बोलायचंय, कारण त्यानं हे कुठंतरी बघितलंय.

एका गावच्या कन्व्हेन्शनला मंडपात लाईट कुठून आली? मंडपवाल्यानं माळा लावल्या, हॅलोजन लावले, साऊंड लावला, आणि तरुण संघातल्या वायरिंग येणाऱ्या दोन पोरांनी बांबूला वायर बांधून रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकला. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यानं खाली उभं राहून टॉर्च दाखवली. कुणीतरी म्हणालं की तात्पुरतं मीटर घेतलं असतं तर? उत्तर आलं, दोन रात्रीचं तर काम आहे, परमेश्वराच्या कामाला लागायली, आपल्या घराला थोडीच नेतोय. महावितरण तात्पुरतं कनेक्शन देतं, अर्ज करायचा, डिपॉझिट भरायचं, लाखाचा मामला नाही तो. आकडा टाकणं म्हणजे वीजचोरी, 2003 च्या वीज कायद्याच्या 135 कलमात गुन्हा आहे, शिवाय त्या बांबूवरून हात निसटला असता तर त्या पोराची मयत आपणच केली असती. पण मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू का, 'परमेश्वराच्या कामाला' हे शब्द. चोरी ती चोरीच, पण तिला देवाचं नाव लावलं की ती करणाऱ्याला नंतर पश्चात्ताप पण करता येत नाही, कारण त्याला वाटतं आपण सेवा केली. त्या दोन पोरांना त्या रात्री वक्त्यांनी काय शिकवलं ते आठवत नसेल, टॉर्च कुणी धरली ते मरेपर्यंत आठवणार आहे.

व्हाउचरचं पण बोलू. आपल्या बऱ्याच संस्था-मंडळ्या सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवलेल्या आहेत, दरवर्षी ऑडिट करून हिशोब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. मार्च आला की खजिनदार कोरी बिलबुकं गोळा करायला लागतो. पैसे खाल्लेले नसतात बरं का, बहुतेक वेळा खर्च खरोखर झालेला असतो, सणाला जेवण दिलेलं असतं, पाहुण्या पाळकांना गाडीभाडं दिलेलं असतं, फक्त त्या वेळी पावती घेतलेली नसते. मग ओळखीच्या दुकानदाराकडून कोरं बिल आणायचं, आकडा आपण टाकायचा, सही कुणीतरी करायची. पहिल्या वर्षी खऱ्या खर्चाची खोटी पावती, दुसऱ्या वर्षी थोडा वाढवलेला खर्च, कारण बिल तर कोरंच आहे. तिसऱ्या वर्षी बिल्डिंग फंडातून 'चार दिवसांसाठी' कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाला उचल. आणि मग जेव्हा मोठा घोटाळा बाहेर येतो, जमीन गेली म्हणून कोर्टकचेरी सुरू होते, दोन कमिट्या, दोन कुलपं, पोलीस बंदोबस्तात उपासना, तेव्हा आपण विचारतो की एवढे चांगले लोक, असं कसं झालं. असंच झालं, एक-एक तास घेत.

अहवालांचं तसंच. देणगीदारांना पाठवलेल्या अहवालात शिवणक्लासच्या तीस बायका असतात, प्रत्यक्षात अकरा येतात, तीस पहिल्या दिवशी फोटोला आल्या होत्या. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोनं जमीन विकून थोडा पैसा लपवला आणि सगळा दिला म्हणाले, ती गोष्ट आपण लेकरांना घाबरवायला सांगतो, पण पेत्र हनन्याला काय म्हणतो ते नीट वाचा. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसा पण तुझ्याच हातात होता, कुणी मागितलं नव्हतं. त्यानं थोडं आणून थोडंच म्हणून सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं, लोकांनी उलट आभार मानले असते. थोड्याला पूर्ण म्हणाला, एवढंच केलं. अकराला अकरा म्हणून लिहिलं तर काय बिघडतं? अकरा बाया शिवण शिकल्या ही काय छोटी गोष्ट आहे का?

परीक्षेचं तर मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी-मार्चमधे दहावी-बारावीच्या केंद्रांवर भरारी पथकं, कॉपीमुक्त अभियान, भिंतीवर चढलेल्या माणसांचे फोटो पेपरात. आपल्या चर्चमधे परीक्षेच्या आधीच्या रविवारी लेकरांना पुढं बोलावून प्रार्थना होते, हॉल तिकीट पाळकसाहेबांच्या हातात देतात, ते डोक्यावर हात ठेवतात. मला ती प्रार्थना फार आवडते. पण पाळकसाहेब, त्याच वेळी लेकरांना दोन वाक्यं सांगा ना, की तुला कॉपी करायची नाहीये, आणि तुझा मामा खिडकीखाली आला तर त्याला परत पाठव. हे कुणी सांगत नाही कारण समोर बसलेल्यात शिक्षक आहेत, ज्यांची त्या केंद्रावर ड्युटी आहे, आणि मामा पण आहे. मग लेकराला वाटतं की प्रार्थना पास होण्यासाठी होती, कसं पास व्हायचं याच्याशी देवाचा संबंध नाही.

एक रुपयात पीक विमा होता तेव्हाचं पण सगळ्यांना ठाऊक आहे, 2023 च्या खरिपाला सुरू झाला, गायरानावर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, न पेरलेल्या रानावर विमे भरले गेले, बीड जिल्ह्याचं नाव पेपरात गाजलं, आणि 2025 च्या खरिपापासून सरकारनं ती एक रुपयाची योजना बंदच केली. आता खऱ्या शेतकऱ्याला खरिपातल्या धान्याला-तेलबियांना 2 टक्के आणि कापसाला 5 टक्के हप्ता भरावा लागतो. सीएससी सेंटरवर (ऑनलाईन अर्जाच्या केंद्रावर) अर्ज भरणाऱ्यांत आपले लोक नव्हते असं छातीवर हात ठेवून कुणी म्हणावं. यावर जास्त लिहीत नाही.

आता सगळ्यात अवघड. यावर लिहू नको असं मला दोन-तीन जणांनी सांगितलं, प्रेमानं सांगितलं. धर्माचा रकाना.

अनुसूचित जातीची सवलत कुणाला ते ठरवणारा 1950 चा आदेश आहे, त्यात आधी फक्त हिंदू होते, 1956 ला शीख घेतले, 1990 ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे ज्या मांग-महार वस्त्यांमधून आपल्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यातल्या माणसानं बाप्तिस्मा घेतला की कागदावर त्याची गरिबी संपली, अस्पृश्यता संपली, असं सरकार धरून चालतं. गावात कुणी तसं धरून चालत नाही, गावात तो तोच राहतो. महाराष्ट्रात त्याला ओबीसीची सवलत आहे, पण जे गेलं त्याच्या बदल्यात ते थोडं आहे. हा कायदा अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, याच प्रश्नाचा अभ्यास करायला बालकृष्णन आयोग 2022 ला नेमला गेला, कोर्टात केस वर्षानुवर्षं चालू आहे, ती लढाई उघडपणे लढलीच पाहिजे. पण आपण काय केलं? आपण लढाईच्या ऐवजी युक्ती काढली. रविवारी ख्रिस्ती, जातीच्या दाखल्यावर हिंदू. आणि मंडळीनं त्या युक्तीला साथ दिली, बाप्तिस्मा दिला पण रजिस्टरला नोंद केली नाही, लग्न लावलं पण कागद दुसरीकडचा, कुठं कुठं तर 'नोकरी लागू द्या मग बाप्तिस्मा घ्या' असा सल्ला. 26 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं एका केसमधे सांगितलं की विश्वास एक आणि फक्त सवलतीसाठी दाखला दुसरा, ही संविधानाची फसवणूक आहे. त्यानंतर आपल्यात भीती पसरली, कुजबुज पसरली, पण एकाही व्यासपीठावरून मी यावर साधं बोलणं ऐकलं नाही.

मी त्या लेकराला दोष देत नाही ज्याच्या बापानं शाळेत नाव घालतानाच रकाना भरला. उसतोडीला जाणाऱ्या आईच्या मुलीला नर्सिंगच्या ॲडमिशनला एक कागद आडवा येत असेल तर मी तिला दगड मारणार नाही, आणि कुणी मारायला लागला तर मी मधे उभा राहीन. माझा प्रश्न तुम्हाला आहे, की तिनं यावर बोलायचं कुणाशी? तिच्या मनात आहे ते, मला माहीत आहे, प्रभुभोजनाच्या वेळी ती मागच्या बाकावर का बसते ते मला माहीत आहे.

दुसरे राजे, पाचवा अध्याय. कोड झालेला अरामाचा सेनापती नामान, त्याची गोष्ट संडे स्कूलच्या प्रत्येक लेकराला येते, यार्देनेत सात वेळा बुडी. पण त्याच्या पुढचं वाचा. बरा झाल्यावर नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की यापुढं मी परमेश्वराशिवाय कुणाला अर्पण करणार नाही, पण माझा राजा रिम्मोन या त्याच्या दैवताच्या मंदिरात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्यासोबत मला वाकावं लागेल, तेवढ्याची परमेश्वरानं मला क्षमा करावी. आणि अलीशा त्याला झापत नाही, शांतीनं जा म्हणतो. आता त्याच अध्यायात खाली गेहजी आहे. संदेष्ट्याचा नोकर, रोज देवाच्या माणसाच्या सावलीत राहणारा. तो नामानाच्या मागं पळत जातो, खोटं सांगतो की दोन तरुण संदेष्टे आलेत, त्यांना चांदी आणि कपडे पाहिजेत, घेऊन येतो, घरात ठेवतो, आणि अलीशानं कुठं गेला होतास विचारल्यावर म्हणतो, कुठंच नाही. नामानाचं कोड त्याला लागतं.

हे दोघं एकाच अध्यायात का आहेत यावर मी खूप विचार केलाय. बाहेरून बघितलं तर नामानाचं जास्त गंभीर वाटतं, मूर्तीपुढं वाकणं, आणि गेहजीचं काय, दोन पोशाख आणि चांदी, ती पण देणाऱ्यानं खुशीनं दिलेली. पण नामान अडचणीत होता, ताकद नव्हती, आणि त्यानं ते स्वतःहून देवाच्या माणसासमोर उघड बोलून दाखवलं, गोड करून नाही सांगितलं, क्षमा मागितली. गेहजीला कसली अडचण नव्हती, आणि त्यानं लपवलं. मला आपल्या मंडळ्यांमधे नेमकं उलटं दिसतं. गरीब माणूस, ज्याला बोलायची जागा पाहिजे, त्याला आपण जागा देत नाही, आणि ज्यांच्या हातात हिशोब आहे, शिक्के आहेत, लेटरहेड आहे, त्यांच्या 'कुठंच नाही' ला आपण आमेन म्हणतो.

हे लिहिताना एक भीती पण आहे. असल्या विषयावर बोलायला लागलं की काही लोकांना लगेच पोलीसगिरी करावीशी वाटते, कुणाच्या रेशनकार्डावर किती उत्पन्न लिहिलंय, कुणाच्या घरात कुठली सिरीयल चालते, कुणाच्या बाईनं टिकली लावली. प्रभू येशूनं मत्तयाच्या 23 व्या अध्यायात पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना काय सुनावलं ते मला माहीत आहे, न्याय, दया, विश्वास सोडून दिला आणि मसाला मोजत बसलात. ते मला नकोय. उत्पन्नाच्या दाखल्यावरून एखाद्या विधवेला मंडळीत उभं करायची वेळ यायच्या आधी कमिटीनं स्वतःची बिलबुकं उघडावीत, वरून खाली यावं, खालून वर नाही.

दानीएलाचं उदाहरण आपण नेहमी सिंहाच्या गुहेपासून सुरू करतो. राजाशिवाय कुणाकडं काही मागायचं नाही हा दारयावेश राजाचा हुकूम फक्त तीस दिवसांचा होता. तीस दिवस खिडकी लावून घेतली असती, मनातल्या मनात प्रार्थना केली असती तर देवानं ऐकली नसती का? ऐकली असती. कुणाचं नुकसान नव्हतं, कुणाला फसवायचं नव्हतं. त्यानं नेहमीसारखी खिडकी उघडी ठेवली आणि नेहमीसारखे तीन वेळा गुडघे टेकले. आणि ते त्याला त्या वयात जमलं कारण पोरगा असताना, बाबेलमधे नवीन आणलेला असताना, त्यानं राजाच्या ताटातल्या जेवणाला नाही म्हटलं होतं. ताटाला नाही म्हणताना सिंहाचा विषयच नव्हता. आपल्या तरुण संघातल्या पोरांना सिंह भेटतील का नाही माहीत नाही, ताट रोज भेटतंय, कंपनीच्या खोट्या टी.ए. बिलात, ग्रामपंचायतीच्या मस्टरवर, शाळेच्या पटावर, आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोलणारा माणूस मंडळीत नाही.

जालन्याजवळ बेथेल गाव आहे, मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं. गावकुसाबाहेरच्या माणसांनी ख्रिस्त स्वीकारला आणि त्यांना उघडपणे राहता यावं, पोटापाण्याला जमीन असावी म्हणून निजामाचे दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून ते गाव उभं केलं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नुसतं 'खरं बोला, उघड राहा' असं सांगून शेषाद्री मोकळे झाले नाहीत, उघड राहणाऱ्या माणसाचं जे नुकसान होणार होतं त्याची सोय केली, राहायला जागा, कसायला रान. आपण फक्त पहिलं करतो, कधीकधी तेही नाही.

म्हणून माझं मागणं आहे ते पैशाशी आणि वेळेशी जोडलेलं आहे. जो पोरगा कॉपी न करता बारावीला एका विषयात राहिला त्याची पुरवणी परीक्षेची फी आणि ट्यूशन मंडळीनं भरावी, आणि त्याचं नाव पास झालेल्यांच्या आधी घ्यावं. जो कोरडा कापूस विकायचा ठरवतो त्याचा माल व्यापाऱ्याच्या दारात न जाता चार घरांनी मिळून एका ट्रॅक्टरमधे सीसीआयच्या केंद्रावर न्यावा, नोंदणीची ऑनलाईन भानगड तरुण संघानं करून द्यावी, भाडं वाटून जातं आणि हमीभाव मिळतो, हे न जमण्यासारखं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी खजिनदारानं जमाखर्च उभं राहून वाचावा, ज्याची पावती नाही तो 'पावती नाही' असा वाचावा, ऑडिटरला पण तसंच सांगावं आणि पुढच्या महिन्यापासून पावती घ्यावी. बाप्तिस्म्याचं रजिस्टर बाप्तिस्म्याच्याच दिवशी भरावं, आणि ज्याला दाखल्याची अडचण आहे त्याला आधीच बसवून कायदा काय, ओबीसीत काय मिळतं, काय जाणार, हे सगळं जाणत्या वकिलाकडून समजावून द्यावं, मग त्यानं प्रार्थनेनं निर्णय घ्यावा, आणि निर्णय अवघड गेला तर त्याला टाकू नये. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी चर्चमधे नुसतं बसावं, संदेश नको, पेटी-तबला नको, ज्याला येऊन बोलायचंय त्यानं बोलावं आणि ते तिथंच राहावं, सोमवारी वस्तीत फिरू नये. पहिले दोन-तीन महिने कुणी येणार नाही. तरी बसा.

आणि शिफारसपत्रं. 'हा आमच्या मंडळीचा क्रियाशील सभासद आहे' असं लेटरहेडवर लिहून देताना तो वर्षात एकदा नाताळाला येतो हे आपल्याला माहीत असतं. मिशनच्या शाळेत, हॉस्पिटलमधे नोकरी लागावी म्हणून ते पत्र लागतं, कुणाचं भलं होत असेल तर आपलं काय जातं असं वाटतं. जातं ते हे की ज्याला खरंच आपल्या शब्दाची गरज पडेल त्या दिवशी आपल्या शब्दाला किंमत राहत नाही. नाताळाला येतो तर नाताळाला येतो असं लिहा, नाहीतर पत्र देऊ नका, तो रागवेल, त्याचे काका कमिटीत असतील तर ते पण रागवतील. रागवू द्या. जकातदार जक्कयाच्या घरी प्रभू उतरायला गेला तेव्हा जक्कयानं भाषण नाही केलं, हिशोब मांडला, अर्धं गरिबांना, ज्याचं बुडवलं त्याला चौपट, आणि ज्यांचं बुडवलं होतं ते लोक त्याच गावात राहत होते, म्हणजे त्याला एकेकाच्या दारात जावं लागलं असणार.

आमच्या मंडळीपुरतं एक काम लगेच आहे. यंदाच्या कन्व्हेन्शनला तात्पुरत्या वीज कनेक्शनचा फॉर्म आम्ही चौघांनी भरून ठेवलाय, डिपॉझिटचे पैसे जमवलेत, फक्त सेक्रेटरीसाहेबांची सही आणि मंडळीचा शिक्का लागतो. फॉर्म चर्चच्या ऑफिसात कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या फाईलमधे ठेवलाय. या रविवारी उपासना सुटल्यावर तेवढी सही करून द्यावी, सोमवारी मी स्वतः महावितरणच्या ऑफिसला जाऊन भरून येतो.

आपला,
मंडळीचा एक सभासद
जालना जिल्हा